वृश्चिक रास: विंचवाची नांगी आणि ‘डूख धरणारी’ माणसं

चाफेकळी
नमस्कार मंडळी. विषय राशीचा आहे, त्यामुळे ‘ही अंधश्रद्धा’ आणि ‘हे शास्त्र’ अशा दोन्ही बाजूंच्या तोफा सुटणार हे धरून चाललेय. तरी आधी ऐकून घ्या.

माझ्या भाच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. एक स्थळ सगळ्यांच्याच मनात भरलं. मुलगी सीए, बोलायला मोकळी, घरची माणसं साधी. पत्रिका आली आणि घोडं अडलं. रास वृश्चिक, नक्षत्र ज्येष्ठा. गुण २४ जमतायत, मंगळ नाही, नाडीही वेगळी. तरी ताईचं एकच पालुपद, “वृश्चिकेची सून नको गं बाई. डूख धरतात. आज बोललेलं वीस वर्षांनी बाहेर काढतील.” त्यात तिच्या जाऊबाईंनी भर घातली की ज्येष्ठा नक्षत्राची मुलगी थोरल्या दिराला वाईट. आता भाचाच घरात थोरला, त्याला मोठा भाऊच नाही! मग वाईट व्हायचं कोणाचं?

माझा प्रश्न असा. राशीचं चिन्ह विंचू म्हणून माणसंही विंचवासारखी, असा सरळ हिशोब असतो का? मग मेषेच्या माणसाला कोणी मेंढरू का म्हणत नाही? सिंहवाल्यांची तर नुसत्या नावाने कॉलर ताठ होते. वृश्चिकेच्याच वाट्याला हे का? जुन्या ग्रंथांत नेमकं काय म्हटलंय, आकाशात काय दिसतं आणि विंचू तरी खरंच डूख धरतो का, हे जाणकारांनी लिहावं. लग्न करू की नको असा सल्ला नकोय, तो द्यायला घरात पुरेशी माणसं आहेत.

रिकामटेकडा
चुरमुरे-शेंगदाणे घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. येऊ द्या.

पंचांगवाले_अण्णा
चाफेकळीताई, आधी पत्रिकेपुरतं सांगतो. वृश्चिक ही आठवी रास. विशाखाचा शेवटचा चरण, सगळी अनुराधा आणि सगळी ज्येष्ठा मिळून ती होते. नावाची अक्षरं तो, ना, नी, नू, ने, नो, या, यी, यू. स्वामी मंगळ, तत्त्व जल, रास स्थिर. वृश्चिकेच्या स्वभावाचं वर्णन मुख्यतः या तीन गोष्टींतून काढलेलं आहे. विंचवाचं चित्र त्याला नंतर येऊन चिकटतं.

मंगळ म्हणजे धग, धडाडी, भांडायची तयारी. तोच मंगळ मेषेचाही स्वामी. पण मेष अग्नितत्त्वाची आणि चर, त्यामुळे तिथे राग आला की बाहेर पडतो आणि पाच मिनिटांत विसरला जातो. इथे मंगळ पाण्यात आहे, आणि पाणीही वाहतं नाही, विहिरीचं आहे. वर काही हलत नाही, तळ दिसत नाही. त्यावरून आपल्याकडचे ज्योतिषी सांगतात: चिकाटी, कमी बोलणं, एकदा हातात घेतलेलं काम न सोडणं, गुपित पोटात ठेवणं, आपल्या माणसासाठी वाट्टेल ते करणं. याचीच दुसरी बाजू म्हणजे संशय, मत्सर आणि मनात ठेवणं. ताई म्हणतात ते ‘डूख’ या शेवटच्या खात्यातलं. खातं एकच, फक्त नावेची बाजू तेवढी वाचली जाते.

चंद्र वृश्चिकेत नीचेचा होतो, हे खरं. पण परमनीच बिंदू (जिथे बळ सगळ्यात कमी) ३ अंशांवर, म्हणजे विशाखाच्या चरणात. ज्येष्ठा सुरू होते १६ अंश ४० कलांना. तुमच्या स्थळाचा चंद्र त्या बिंदूपासून लांब पुढे गेलेला आहे. आणि ‘नीच’ म्हणजे ग्रहाचं बळ कमी, एवढंच. चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा शब्द ऐकून आयांचे चेहरे उतरलेले मी कैक वेळा पाहिले आहेत.

जाता जाता, गुणमेलनात ज्येष्ठेचा गण राक्षस, नाडी आद्य आणि योनी मृग. विंचू म्हणून जिला घाबरताय तिची योनी हरणाची आहे!

चाफेकळी
अण्णा, हे हरणाचं मस्तच. ताईला लगेच व्हॉट्सॲपवर टाकते. ग्रंथात विंचवाबद्दल स्पष्ट असं काही आहे का?

पंचांगवाले_अण्णा
वराहमिहिराच्या बृहज्जातकात चंद्र कोणत्या राशीत असता माणूस कसा, याचे श्लोक आहेत. वृश्चिकेसाठी तो सांगतो: डोळे आणि छाती रुंद, मांड्या-पोटऱ्या गोलसर, लहानपणी आजारी, वडील आणि गुरू यांच्यापासून दुरावलेला, राजकुळात मान मिळवणारा, वर्ण पिंगट, कृती क्रूर, आणि पाप लपवणारा. हातापायांवर मासा, वज्र, पक्षी अशा खुणा. ‘पाप लपवणारा’ यात आजच्या गुप्ततेचं मूळ दिसतं. पण डंख, विष, सूड यातलं काहीही त्या श्लोकात नाही. राजाघरी मान मिळणं मात्र आहे, ते कोणी सांगत नाही.

निरभ्र
फलज्योतिषात मी पडत नाही, पण चिन्हाबद्दल बोलायलाच हवं. बारा राशींत नावाप्रमाणे दिसणाऱ्या आकृत्या अगदी थोड्या. मेषेत मेंढा शोधायला कल्पनाशक्ती ताणावी लागते, कर्केत तर डोळ्यांना जवळजवळ काहीच सापडत नाही. वृश्चिक मात्र कोणालाही दाखवा, न सांगता ‘विंचू’ म्हणेल.

मे महिन्याच्या शेवटी रात्री दहानंतर आग्नेयेकडे तोंड करा. आधी उभ्या ओळीत तीन तारे दिसतात, ते विंचवाचं डोकं, म्हणजे आपली अनुराधा. त्याच्या मागे तीन ताऱ्यांची किंचित वाकलेली ओळ, मधला ठळक आणि तांबडा. ती ज्येष्ठा, आणि तो तांबडा तारा विंचवाचं काळीज. तिथून ताऱ्यांची माळ खाली दक्षिणेकडे उतरते, वळते आणि टोकाला दोन तारे चिकटून बसलेले दिसतात. ती नांगी, आपलं मूळ नक्षत्र. महाराष्ट्रातून ज्येष्ठेचा तारा जास्तीत जास्त ४५ अंश वर येतो, त्यामुळे मान मोडायची गरज नाही, गच्चीवर खुर्ची टाकून बसलात तरी चालेल. नांगी त्याच्याही खाली असते, दक्षिणेला इमारत असेल तर गेली. जूनमध्ये हा विंचू संध्याकाळीच वर येतो, पण तोवर आपल्याकडे ढग.

पाश्चात्त्य लोक त्या तांबड्या ताऱ्याला अँटेरिस म्हणतात, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी. रंग अगदी मंगळाचा, आणि मंगळ अधूनमधून त्याच्या शेजारून जातो तेव्हा कोण कोणता असा गोंधळ होतो. या राशीचं स्वामित्व मंगळाला मिळण्यामागे हा रंगही असेल, असं मला आपलं वाटतं. तारा महाकाय आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल. अंतर सुमारे ५५० प्रकाशवर्षं.

वटपौर्णिमेला चंद्र याच ताऱ्याच्या आसपास असतो, ज्येष्ठ महिन्याला नाव मिळालंय ते त्यावरूनच. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली तर वडाला फेऱ्या मारून आल्यावर रात्री वरही बघा.

रिकामटेकडा
म्हणजे सात जन्म हाच नवरा मागताना चंद्र वृश्चिकेत? आता कळलं, डूख कोण कोणावर धरतं ते.

निरभ्र
:) आणखी एक. या विंचवाचे पंजे आता त्याच्याकडे नाहीत. ग्रीक लोक पुढच्या ताऱ्यांना ‘विंचवाचे पंजे’च म्हणायचे. पुढे तिथे तूळ रास वेगळी धरली गेली. आपली विशाखा त्या पंजांत पडते. म्हणजे तुळेच्या न्यायी, समतोल वगैरे माणसांचा तराजू मुळात विंचवाचे कापून घेतलेले पंजे आहेत.

ग्रीकांची कथाही आकाशात नीट बसते. ओरायन या शिकाऱ्याला फार गर्व झाला म्हणून पृथ्वीने विंचू पाठवला आणि त्याने त्याला मारलं. ओरायन म्हणजे आपलं मृग. विंचू पूर्वेला उगवला की मृग पश्चिमेला मावळतं, दोघे एका वेळी डोक्यावर कधीच नसतात. आपल्याकडे मृगाची गोष्ट वेगळी, तिथे बाण मारणारा व्याध आहे आणि विंचवाला कामच नाही.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून. आमच्या लेकाचा वाढदिवस ५ नोव्हेंबरचा. शाळेतल्या मैत्रिणीने त्याला सांगितलं, तू स्कॉर्पिओ, तू ‘इंटेन्स’ आहेस, तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. पोरगं घरी येऊन आरशात बघतंय. माझ्या आईने भारतातून फोन करून सांगितलं, अरे त्याची रास मिथुन, मीच कुंडली करून घेतलीय. आता नातू म्हणतो, मी दोन्ही आहे का?

इकडच्या स्कॉर्पिओचं वर्णन तर अजून भडक. गूढ, आकर्षक, सूडबुद्धीचा, शृंगारात अव्वल. चिन्ह म्हणजे इंग्रजी एम सारखं अक्षर, फक्त शेवटच्या काडीला बाणाचं टोक. कन्येचंही असंच एम, पण तिथे शेवटची काडी आत वळते. १९३० मध्ये प्लूटो सापडल्यावर पाश्चात्त्य ज्योतिषांनी मंगळाच्या जोडीला तोही या राशीला दिला. मग पाताळ, मृत्यू, पुनर्जन्म हे सगळं ओघाने आलंच. काहीजण वृश्चिकेच्या विंचवाचं पुढे गरुडात रूपांतर होतं म्हणतात. चार स्थिर राशींची बैल, सिंह, गरुड आणि माणूस अशी चौकडी चर्चच्या चित्रांतही दिसते.

निरभ्र
तुमच्या मुलाच्या डोक्याचा भुगा थोडा आणखी करतो. पाश्चात्त्य पद्धतीत २३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य वृश्चिकेत. त्यांची मोजणी वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे असताना सूर्य जिथे असतो तिथून), म्हणजे सायन. आपली निरयन, ताऱ्यांना धरून. दोन्हींत आता सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय, म्हणून पंचांगात सूर्य वृश्चिकेत येतो १६ नोव्हेंबरच्या आसपास. ५ नोव्हेंबरला आपल्या हिशोबाने सूर्य तुळेत, आणि आकाशातही खरोखर तुळेच्याच ताऱ्यांत.

आता खरी गंमत. खगोलशास्त्रज्ञांनी तारकासमूहांच्या ज्या सीमा आखल्या आहेत त्यांनुसार सूर्य वृश्चिकेत फक्त आठवडाभर असतो, २३ ते २९ नोव्हेंबरच्या दरम्यान. पुढे साधारण १८ दिवस तो भुजंगधारी नावाच्या तारकासमूहातून जातो, ज्याचं राशींच्या यादीत नावच नाही. त्यामुळे काटेकोर धरलं तर सगळ्यात कमी माणसं वृश्चिकेची निघतील.

पंचांगवाले_अण्णा
निरभ्र, सीमांचं खरं, पण राशी म्हणजे तारकासमूह नव्हेत. ३० अंशांचे बारा समान भाग, ताऱ्यांची नावं फक्त पाटीसारखी. आणि आपल्याकडे रास म्हटलं की चंद्ररास. सातासमुद्रापार, तुमच्या आईचं बरोबर. मिथुनच सांगा पोराला.

भातखाचर
मी महाडकडचा. राशीतलं कळत नाही, विंचवातलं कळतं, म्हणून लिहितो.

पावसाच्या तोंडावर पेंढा हलवताना, पडवीतली लाकडं उचलताना, जांभ्याच्या गडग्यात हात घालताना विंचू निघतो. निघाला की करतो काय? उजेड पडल्यावर आधी अंग चोरून जमिनीला चिकटतो. मग फट दिसेल तिकडे पळतो. वाट अडवलीत तर नांगी पाठीवर कमानीसारखी धरून उभा राहतो, तेव्हा टोकाचा फुगीर कणा आणि त्याची काळी अणी स्पष्ट दिसते. हात किंवा पाय वर पडला तरच मारतो. मागे धावून डंख केलेला विंचू आमच्या वाडीत कोणी पाहिलेला नाही. डूख धरणं लोकांनी सापाच्या नावावर लावलंय, तेही खोटंच, आता विंचवाच्या सातबाऱ्यावर कशाला चढवता?

मोठा काळा, जाडजूड पंजांचा विंचू (इंगळी) दिसला की बायामाणसं किंचाळतात. तो चावला तर दुखतं खूप, पण जीव सहसा जात नाही. जीव घेणारा असतो तो लहानखुरा, तांबूस, बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. कोणाच्या नजरेत भरत नाही.

पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात, तिला खातात, ही आमच्याकडची आवडती गोष्ट. तसं काही नाही. मादी जिवंत पिल्लं घालते, ती पांढुरकी पिल्लं तिच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच असतात. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. तसंच, भोवती आग लावली की विंचू स्वतःला डंख मारून मरतो हेही खोटं. उष्णतेने अंग आखडतं आणि शेपटी वळते. त्याच्याच विषाचा त्याला फारसा त्रास होत नाही.

आजीचा_बटवा
भातखाचर, लाल विंचवाचं लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या लहानपणी मांत्रिकाकडे विंचू उतरवायला नेत. मी वृश्चिकच, अनुराधा. हो, मी लक्षात ठेवते. लग्नात मानपानावरून कोण काय बोललं ते अजून तोंडपाठ आहे. पण ज्यांनी माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा पोचवला त्यांचीही नावं तितकीच पाठ आहेत, आणि त्यांच्या घरी काही असलं की मी पहाटे हजर असते. सुनेला तेवढं येतंय का ते बघा म्हणावं तुमच्या ताईला. विसरभोळी सून मिळाली तर दोन्ही विसरेल.

नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा. तिथे कोणी चावलेल्याची रास विचारत नाही.

भातखाचर
आजी, त्या भारुडात विंचू चावल्यावर अंगाला घाम येतो, आठवतंय? लाल विंचवाच्या विषाचं हेच पहिलं लक्षण. दरदरून घाम, उलट्या, मग हातपाय गार पडतात. विष हृदयावर जातं, आणि लहान मुलांना जास्त धोका. नाथांनी हे पाहिलेलं असणार.

मंत्राने उतरला असं वाटतं, कारण बरेचसे डंख मुळात जिवावरचे नसतात. जे असतात, त्यात वेळ गेला की संपलं. आमच्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून अशा रुग्णांवर काम केलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशात वेळेवर दिलं तर माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवलं. १९८२ मध्ये त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आता हाफकिनचं विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही (दंशानंतर द्यायचं इंजेक्शन) आहे. त्यामुळे कांदा चोळणं, चुना लावणं, घट्ट बांधणं यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. अवांतर झालं, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

तर्कट
धागा वाचून बरं वाटलं, कारण ज्योतिषी, खगोलवाला आणि शेतकरी तिघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचताहेत: विंचवाचं चित्र आणि माणसाचा स्वभाव यांचा संबंध लोकांनी जोडलेला आहे. मी एक पायरी पुढे जातो. चंद्र दर महिन्याला सव्वादोन दिवस वृश्चिकेत असतो. म्हणजे जगातली जवळपास बारावा हिस्सा माणसं वृश्चिकेची. सगळी डूख धरणारी?

पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आणि स्वभाववर्णनं सगळ्यांना लागू का पडतात? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘फक्त तुझ्यासाठी’ म्हणून स्वभाववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४ च्या वर. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच कागद होता, त्यातली बरीच वाक्यं रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातली. ‘तू वरून कठोर पण आतून हळवा’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही, सांगा.

पंचांगवाले_अण्णा
तर्कटराव, त्या चाचणीवर ज्योतिषांच्या बाजूने बरीच हरकत घेतली गेली. बुद्धी ही एकच गोष्ट पत्रिकेवरून सांगता येते हा दावा सगळे करत नाहीत. पण मी वाद वाढवत नाही. नुसत्या चंद्रराशीवरून माणसाला डूख धरणारा ठरवणं हे आमच्या शास्त्रातही बसत नाही. लग्नरास (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), ग्रह, दृष्टी, दशा हे सगळं बाजूला ठेवून ‘वृश्चिक, नको’ असं म्हणणारा ज्योतिषी मी तरी ज्योतिषी धरत नाही. ती कंटाळलेल्या काकूंची भाषा.

तर्कट
इथे आपलं एकमत. नोंद करून ठेवा, पुन्हा होणार नाही.

रिकामटेकडा
तारीख-वेळ लिहून ठेवली. चंद्र कोणत्या राशीत होता बघावं लागेल.

जुनी_वही
थोरल्या दिराचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिलाय, तो घेते. हे जुनं आहे, फार जुनं. अथर्ववेदात ‘ज्येष्ठघ्नी’ असा शब्द येतो, थोरल्याला मारणारी. त्या सूक्तात अशा नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाला दीर्घायुष्य मिळावं म्हणून प्रार्थना आहे. नीट वाचा: काळजी बाळाची आहे. बाळाला घालवून द्या असं नाही, त्याला सांभाळा असं आहे. त्यातलं नवऱ्यामुलाचा थोरला भाऊ हे नंतरचं. मूळ नक्षत्र सासऱ्याला, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्याला, अशी सासरच्या माणसांची वाटणी कधीतरी कोणीतरी करून टाकली, आणि पाहा, प्रत्येक वेळी दोष सुनेच्याच पदरात. जावयाच्या नक्षत्राने सासू दगावते असं कोणी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे त्या काळात इथे राशीच नव्हत्या. नक्षत्रं होती. राशी बाबिलोनहून ग्रीकांकडे आणि तिथून आपल्याकडे आल्या. वराहमिहिराच्याच ग्रंथात राशींची ग्रीक वळणाची नावं आहेत. मेष क्रिय, वृषभ तावुरि, वृश्चिक कौर्प्य. तेव्हा ज्येष्ठेची भीती आणि विंचवाची भीती या दोन वेगळ्या देशांतून, वेगळ्या काळांतून आलेल्या गोष्टी. त्या ताईंच्या स्वयंपाकघरात येऊन एकमेकींना भेटल्या.

चाफेकळी
जुनी_वही, हे ‘काळजी बाळाची’ वाचून मी थांबले. जाऊबाईंना उद्याच सांगते. (त्यांची एक मुलगी मूळ नक्षत्राची आहे. आत्ता लक्षात आलं.)

सोलापुरी_चादर
विंचवाला सगळीकडे वाईट मानत नाहीत. आमच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात कंदकूर म्हणून गाव आहे. तिथे नागपंचमीला डोंगरावर लोक दगड उलटून विंचू काढतात आणि हातावर, चेहऱ्यावर, पोरांच्या अंगावर फिरवतात. देवीचा विंचू म्हणून. आमच्या शेजारचे एक काका दरवर्षी जातात. चावतो का विचारलं तर म्हणतात, “चावला तर देवीचा अंगारा.” मी गेलो नाही, जाणारही नाही.

चामुंडेच्या जुन्या मूर्ती बघा, खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू कोरलेला असतो. भुकेचं, रोगाचं रूप असं सांगतात, पण ती देवीच आहे, नमस्कार तिलाही करतात.

भातखाचर
कंदकूरची नक्कल घरी करू नका रे पोरांनो. तिकडचे विंचू कोणत्या जातीचे ते बघूनच बोला. विंचू बघायचाच असेल तर अतिनील बॅटरी मिळते, अंधारात तिचा उजेड टाकला की विंचू हिरवट निळा चमकतो. बूट घालून, लांबून.

आजीचा_बटवा
चाफेकळी, पुढे काय झालं ते सांगणार की नाही?

चाफेकळी
आजी, सांगते. ताईने धागा वाचला, दोनदा. मग मला फोन करून म्हणाली, “तो अण्णांचा हरणाचा मुद्दा बरा आहे, पण भाच्याचं बघ, नाडी जुळते ना नक्की?” म्हणजे गाडी विंचवावरून नाडीवर गेली. रविवारी मुलगा-मुलगी कॉफीला भेटतायत. भाच्याने एकच विचारलं, ती डूख धरते का हे पहिल्या भेटीत कसं कळणार? मी म्हटलं, बिल कोण देतं ते लक्षात ठेवते का बघ.

वाटसरू_२
नमस्कार, नवीन सभासद. धागा आवडला. थोडं वेगळं विचारायचं होतं. आमच्याकडे मंगळवारी मुलगा झाला. अनुराधा, दुसरा चरण. गुरुजींनी ‘नी’ अक्षर सांगितलंय. पत्रिकेतलं नाव आणि हाक मारायचं नाव एकच ठेवायचं आहे. सुचवाल का? बायको म्हणते जुनाट नको.

पंचांगवाले_अण्णा
अभिनंदन. अनुराधेची देवता मित्र, गण देव. नीरज, नील, नीलेश, नीतिन.

रिकामटेकडा
नीलकंठ ठेवा. विष पचवलेला देव, वृश्चिकेला शोभेल.

वाटसरू_२
नीलकंठ माझ्या पणजोबांचं नाव होतं, त्यामुळे बाबा खूश. पण बायको म्हणते शाळेत पोरं ‘निळ्या’ म्हणतील. नीरजवर बहुतेक शिक्कामोर्तब होतंय, बारसं पुढच्या शनिवारी.